बोहारणीची पारख

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात बसली की आधी टोपली उतरवते, मग भांडी मांडते आणि आपण आतून आणलेल्या गठ्ठ्याकडे बघतही नाही. सौदा तिथूनच सुरू झालेला असतो. सुती साडी ती उजेडाकडे धरते आणि दोन्ही हातांनी मधोमध ताणते, पदराकडे ताणत नाही. कारण साडी विरते ती बसण्याच्या जागी. पँट उलटी करून शिवण बघते. शर्टाची कॉलर आणि काखा बघते. जरीच्या साडीवर तिचा हात जरा जास्त रेंगाळतो, पण चेहरा कोराच राहतो. मग लेगिंग, गोळे धरलेले टी-शर्ट, चकचकीत कुर्ते असा सगळा ढीग ती एका हाताने बाजूला सारते. ‘याचं काय करू, ताई? हे पोतेऱ्यालासुद्धा चालत नाही.’

ती नखरा करत नसते. पॉलिएस्टरचं कापड पाणी शोषत नाही, फरशीवर नुसतं पसरवतं. त्याची लादी पुसायची चिंधी होत नाही, गॅरेजमध्ये तेल टिपायला ते चालत नाही आणि बाळाच्या अंगाखाली तर कोणी घालणारच नाही.

कपडे जरा विचार करून घ्यावेत असं वाटणाऱ्या माणसाला हल्ली सल्ल्याची वाण नाही. सेंद्रिय कापूस घ्या, हातमाग घ्या, अमुक ब्रँड टाळा, जुने कपडे वापरा. यातला बहुतेक सल्ला दुकानातल्या त्या पाच मिनिटांबद्दल असतो. बोहारीण कापडाकडे दुसऱ्या टोकाकडून बघते: वापरून झाल्यावर यात अजून किती दम उरला आहे? मला वाटतं, कपड्याचा बरेवाईटपणा त्या टोकाकडून जास्त स्वच्छ दिसतो. जुन्याचा बाजार नव्याच्या प्रतीवर उभा असतो. नवं कापडच चार धुण्यांत मान टाकणारं असेल, तर जुनं घेण्याचा सल्ला कितीही चांगला असला तरी घ्यायला काही उरत नाही.

महाराष्ट्रातल्या घरांत एका लुगड्याची वाटचाल ठरलेली असे. मधे विरलं की फाडून, धडक्या बाजू जोडून दंड घालायचा आणि तेच लुगडं पुढे एखादं वर्ष नेसायचं. मग त्याचे धडपे. धडप्यांतून बाळाची दुपटी आणि लंगोट, उरलेल्याची गोधडी, गोधडी जुनी झाली की तिच्यावर आणखी एक थर आणि अगदी शेवटी पोतेरं. पुरुषांच्या शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी लावून देई. पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत आणि थोरल्याचा सदरा धाकट्याला येई. या सगळ्याला आज पर्यावरणाची जाण म्हणून मिरवायची पद्धत पडली आहे. ती जाण वगैरे काही नव्हती. कापड महाग होतं आणि सुई चालवणाऱ्या बाईचा वेळ फुकट धरला जात होता. हिशेब असा होता, म्हणून काटकसर होती. हिशेब उलटला, कापड स्वस्त झालं आणि बाईच्या वेळाला मोल आलं (ही दुसरी गोष्ट चांगलीच झाली), तेव्हा ती काटकसरही गेली. म्हणून ‘आजीसारखं वागा’ या उपदेशावर माझा फारसा भरवसा नाही.

बोहारणीने नेलेला गठ्ठा पुढे कुठे जातो, हे भांडं घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसतं. अहमदाबाद, मुंबई, दिल्ली या शहरांत हा धंदा मोठ्या प्रमाणावर गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या हाती आहे. पूर्वी त्यांना वाघरी म्हणत. पश्चिम दिल्लीतल्या रघुबीर नगरात त्यांचा घोडा मंडी नावाचा बाजार पहाटे अंधारातच भरतो. आदल्या दिवशी घरोघर फिरून जमवलेले कपडे तिथे जमिनीवर मांडले जातात आणि व्यापारी बॅटरीच्या उजेडात ते निवडतात. एक जण फक्त जीन्स घेतो, दुसरा फक्त पांढरे शर्ट, तिसरा लहान मुलांचे कपडे. मग कपडे धुतात, रफू करतात, बटणं लावतात, उडालेला रंग पुन्हा चढवतात, कडक इस्त्री करतात आणि ते आठवडी बाजारातून मजुरी करणाऱ्या माणसाच्या अंगावर चढतात. रेशमी साड्यांपासून उशांचे अभ्रे, पलंगपोस आणि घागरे होतात आणि ते पर्यटकांना विकले जातात. खऱ्या जरीची साडी जाळली की चांदी हाती येते. बोहारणीचा चेहरा कोरा राहायचं ते कारण.

या बायकांचा आणखी एक हिस्सा आपण विसरून गेलो आहोत. १९७१ साली अहमदाबादेत कामगार संघटनेत काम करणाऱ्या इला भट्ट यांनी डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रियांना कशी कमी मजुरी मिळते, याला वाचा फोडली. ते ऐकून जुने कपडे विकणाऱ्या बायका आपली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे आल्या. एका सार्वजनिक बागेत सभा भरली, शंभरावर बायका जमल्या आणि आपलीच एक संघटना काढू या, ही सूचना गर्दीतल्या एका बाईने केली. पुढे तीच ‘सेवा’ झाली. असंघटित स्त्री-कामगारांची जगातली एक मोठी संघटना आपल्या जुन्या साड्यांच्या गठ्ठ्यातून निघाली, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तेव्हा जुन्या कपड्यांच्या व्यवहाराला नुसतं ‘पर्यावरणपूरक’ म्हणून सोडून देण्यात मोठी गफलत आहे. त्यावर पोटं चालतात आणि कापडाची प्रत घसरली की आधी ती पोटं मारली जातात.

अंगावर घालण्याजोगं जे उरत नाही, त्याची वाट हरियाणातल्या पानिपतकडे जाते. मराठी माणसाला हे नाव वेगळ्या कारणासाठी माहीत आहे, पण कापडाच्या दुनियेत पानिपत म्हणजे चिंध्यांपासून घोंगड्या करणारं गाव. लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायची ही विद्या मूळची इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातली. तिथल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ च्या सुमारास ती रुळवली. या कापडाला तिथे शॉडी म्हणत. पुढे इंग्रजीत हाच शब्द हलक्या मालाला लागला, यावरून त्या कापडाची पत कळते. यॉर्कशरमधल्या गिरण्या बंद पडत गेल्या आणि धंदा पानिपतला आला.

वापरलेले कपडे भारतात सहजासहजी आयात करता येत नाहीत. त्याला परवाना लागतो. देशातल्या कापड व्यवसायाला धक्का लागू नये हा त्यामागचा हेतू. पण पुन्हा घालता येऊ नयेत अशा रीतीने आधीच फाडलेले कपडे चिंधी म्हणून आत येऊन पानिपतला पोचू शकतात. शिवाय कच्छमधल्या कांडला इथे, १९६५ साली आशियातलं पहिलं निर्यात क्षेत्र म्हणून सुरू झालेल्या आवारात, परदेशी जुने कपडे निवडून पुन्हा परदेशी पाठवणारे कारखाने आहेत. पानिपतच्या शेडमध्ये बायका आपल्या विळीसारख्या उभ्या पात्यासमोर बसून कोटांची बटणं, चेन, अस्तर, लेबलं कापून काढतात. मग ढीग लागतात ते रंगांचे: लाल, निळा, राखाडी, काळा. रंगाप्रमाणे निवडलं की सूत पुन्हा रंगवावं लागत नाही. पाणी आणि रसायनं दोन्ही वाचतात. यंत्रात ते कापड दातेरी रुळांवर ओरबाडून पिंजतात, त्याचं सूत काततात आणि ब्लँकेटं विणतात. भूकंप, पूर, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी वर्षानुवर्षं वाटली गेलेली करडी, खरखरीत, जरा कुबट वासाची ब्लँकेटं बहुतेक वेळा इथली. हे काम स्वच्छ असतं असं मात्र नाही. शेडमधली हवा तंतूंच्या धुरळ्याने भरलेली असते आणि ती रोज फुप्फुसात जाते.

मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ च्या छोट्या माहितीपटात याच बायका कामाच्या ओघात तर्क करताना दिसतात. हे परदेशी लोक इतके चांगले कपडे टाकतात तरी का? तिकडे पाणीच इतकं महाग असेल की धुण्यापेक्षा टाकणं परवडत असेल, असा एक तर्क निघतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याहून वेगळं काही सापडणार नाही. फक्त पाण्याच्या जागी माणसाचा वेळ घाला.

पानिपतचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. गेल्या दशकात पॉलिएस्टरची मऊ, हलकी, रंगीत फ्लीस ब्लँकेटं आली. नवी, स्वस्त आणि बिनवासाची. मदत वाटणाऱ्या संस्थांनाही तीच बरी वाटू लागली. चिंध्यांचं ब्लँकेट करणारे अनेक कारखाने बंद पडले किंवा त्यांनी स्वतःच फ्लीसची यंत्रं बसवली. जुन्यातून नवं करणाऱ्या एका भरभराटीच्या उद्योगाला नवं पॉलिएस्टर भारी पडलं.

आफ्रिकेतली कथा याहून कडवट आहे. घानाची राजधानी आक्रा इथला कांतामांतो हा जगातल्या सर्वांत मोठ्या जुन्या कपड्यांच्या बाजारांपैकी एक. युरोप-अमेरिकेत लोकांनी दानपेटीत टाकलेले कपडे सुमारे पंचावन्न किलोंच्या गासड्यांत बांधून इथे येतात. दर आठवड्याला सुमारे दीड कोटी नग येतात, असा तिथे काम करणाऱ्या ओआर फाउंडेशनचा अंदाज आहे. विक्रेती बाई गासडी उघडून बघू शकत नाही. बंदच विकत घ्यायची, अनेकदा कर्ज काढून. आत चांगले शर्ट निघाले तर महिना निभावला. डाग पडलेले, विरलेले, हिवाळी कोट निघाले तर ते कर्ज डोक्यावर. त्या गासड्या डोक्यावरून वाहून आणतात त्या घानाच्या उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या मुली. त्यांना कायायेई म्हणतात. यातला किती माल शेवटी कचऱ्यात जातो, यावर जोराचा वाद आहे. ओआर फाउंडेशन चाळीस टक्क्यांच्या आसपास म्हणते. व्यापाऱ्यांची संघटना पाच टक्क्यांहून जास्त मानायला तयार नाही. दोघांचेही हितसंबंध उघड आहेत. पण आक्राच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या कपड्यांच्या लांबच लांब गुंतवळी कोणालाही दिसतात आणि त्या आकाशातून पडलेल्या नाहीत. २०२५ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला. हजारो विक्रेत्यांचं भांडवल एका रात्रीत गेलं.

मग हे कपडे नकोत असं म्हणायची सोय तरी आहे का? रवांडाने म्हणून पाहिलं. देशातला कापडधंदा उभा राहावा म्हणून २०१६ साली त्या देशाने जुन्या कपड्यांवरचं आयातशुल्क जबर वाढवलं. अमेरिकेतल्या जुने कपडे निर्यात करणाऱ्यांनी तक्रार केली आणि २०१८ साली अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करमाफी थांबवली. टाकून दिलेले कपडे घेत नाही म्हणून शिक्षा! श्रीमंत देशात जे ‘दान’ म्हणून निघतं ते वाटेत कुठेतरी माल होतं आणि मालाला बाजारपेठ लागतेच.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी वाढ आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकण्याआधी किती वेळा घातला जातो, तो आकडा मात्र घसरला. जुन्या कपड्यातून पुन्हा कपडाच तयार होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी, असंही तोच अहवाल म्हणतो. दुकानात ‘रिसायकल्ड पॉलिएस्टर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा जुन्या शर्टापासून केलेलं नसतं. पाण्याच्या बाटल्यांपासून केलेलं असतं. जगात बनणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून जास्त आता पॉलिएस्टर आहे. त्यात सुती धागा मिसळला की गंमत आणखी वाढते. ते धड सुती म्हणून पिंजता येत नाही, धड प्लास्टिक म्हणून वितळवता येत नाही.

इतकं नवं कापड इतक्या स्वस्तात शिवलं जातं ते कुणाच्या जिवावर, याचं उत्तर २४ एप्रिल २०१३ रोजी सगळ्या जगाने बघितलं. ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, दोन हजारांवर जखमी झाली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. ऑर्डरची तारीख गाठायची होती. त्यानंतर कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात इमारत-सुरक्षेचा बंधनकारक करार झाला, तपासण्या झाल्या, कारखाने सुधारले; हे खरं आणि महत्त्वाचं आहे. मजुरी मात्र रेंगाळली. २०२३ च्या शेवटी बांगलादेशात शिलाई कामगाराचं किमान मासिक वेतन ८,००० टकांवरून (टका हे तिथलं चलन) १२,५०० टका करण्यात आलं. संघटनांची मागणी २३,००० ची होती.

‘मेड इन बांगलादेश’ दिसलं की कपडा परत ठेवावा, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. तिथल्या लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला तो याच धंद्यातून आणि बहिष्काराची मागणी त्यांच्या संघटनांनी सहसा केलेली नाही. आपल्या अंगणातही काही कमी शिजलेलं नाही. तिरुपूर हे आपलं बनियन आणि टी-शर्टचं गाव. तिथल्या रंगाई कारखान्यांनी नोय्यल नदी इतकी नासवली की खालच्या शेतकऱ्यांना शेतं सोडावी लागली आणि २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करायचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा बसवल्यावर ते पुन्हा सुरू होत गेले. त्या यंत्रणेचा खर्च टी-शर्टाच्या किमतीत कुठेतरी धरावाच लागतो. शेजारच्या दुकानात तोच टी-शर्ट निम्म्या किमतीत मिळत असेल, तर नदीचा खर्च कोणी भरला ते विचारायला हवं.

कापसाबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो: एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. तो जगाच्या सरासरीवर बेतलेला आहे. विदर्भातला शेतकरी तो वाचून हसेल, कारण त्याचा कापूस बहुतांश कोरडवाहू आहे. पाऊस पडला तर पीक, नाही तर कर्ज. त्याच्या कापसाचा प्रश्न पाण्याच्या उधळपट्टीचा नाही; तो बियाणं, फवारणी आणि भाव यांचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, ते महाराष्ट्राच्या स्मरणात असेल. सेंद्रिय कापसाला अर्थ आहे तो इथे. पण सेंद्रियची चिठ्ठी डोळे झाकून मानावी अशीही परिस्थिती नाही. २०२० साली जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र संस्थेनेच जाहीर केलं की भारतातल्या तब्बल वीस हजार टन कापसाची प्रमाणपत्रं बनावट निघाली. फसवणूक त्यांनीच पकडली, ही त्यांच्या बाजूची गोष्ट. माझं मत असं की चिठ्ठी असलेला कपडा नसलेल्यापेक्षा बरा. पण त्या चिठ्ठीवर विसंबून तीन जास्तीचे कपडे घेतले, तर सगळा हिशेब पाण्यात.

जुने कपडे घ्या, हा सल्ला महाराष्ट्रात देताना जीभ जरा जपून चालवावी लागते. परदेशातून शिकून आलेल्या मुलीला ‘थ्रिफ्ट’ची खरेदी मौजेची वाटते आणि तिच्या आजीला ती ऐकून कसंसं होतं. ‘कुणाच्या अंगावरचं कुणास ठाऊक, मेलेल्याचं असलं तर?’ ही शंका हवेतून आलेली नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रं नेसावीत असा दंडक आहे आणि मढ्यावरचं कापड हे महाराष्ट्रात महारांच्या ‘हक्कां’मध्ये गणलं जाई. दुसऱ्याने टाकलेलं नेसणं ही इथे गरिबीची खूण होतीच, त्याशिवाय ती जातीची खूण होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितलं, जातीची ओळख पटवणारे जुन्या पद्धतीचे दागिने टाकायला सांगितले. वस्त्र फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असं बजावलं. त्या घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी चौदा एप्रिलला कोरे, कडक इस्त्रीचे कपडे घातले, त्यात एक लढा आहे. ज्याच्या कपाटात पन्नास शर्ट आहेत, त्याने त्यांना जुन्याची महती सांगू नये. जुनं घेण्याचा सल्ला ज्यांना नव्याचा कंटाळा आला आहे त्यांच्यासाठी आहे.

आणि हा विटाळ तरी सरसकट कुठे आहे? शाळेच्या स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजांचा अंगरखा ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणताना तो आधी किती मावळ्यांच्या आणि महाराजांच्या अंगाला लागला आहे, हे कोणी विचारत नाही. लग्नात नवरदेवाची शेरवानी सर्रास भाड्याची असते. मावसबहिणीची पैठणी मागून नेसण्यात कमीपणा नाही, उलट नातं आहे. ओळखीच्या माणसाचं चालतं, दुकानदाराने मधे उभं राहिलेलंही चालतं. तेव्हा सुरुवात करायचीच तर तिथून करावी: घरातल्या, भावकीतल्या, सोसायटीतल्या देवघेवीतून. लहान मुलांच्या कपड्यांना तर याहून चांगली जागा नाही, कारण ते विरण्याआधी आखूड होतात.

बाजारातून जुनं घ्यायचं असेल तर काय बघायचं, हे बोहारणीने आधीच दाखवलं आहे. मुंबईत फॅशन स्ट्रीटवर मिळतो तो बराचसा माल जुना नसतो. निर्यातीतला उरलेला किंवा नाकारलेला नवा असतो आणि त्याची लेबलं कापलेली असतात. तो घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त तो का नाकारला गेला ते शिवणीत, बटणाच्या काजात, रंगाच्या फरकात शोधावं. इन्स्टाग्रामवरच्या थ्रिफ्ट दुकानांना विचारावं की माल कुठून आणता. काही जणी खरोखर ओळखीच्यांची कपाटं रिकामी करून आणतात. काही ठिकाणी मात्र गासड्यांतला माल असतो आणि काही ठिकाणी चक्क घाऊक बाजारातला नवा स्वस्त माल ‘प्रीलव्ह्ड’ म्हणून खपवला जातो. किंमत तिप्पट. जुन्यात सुती, लिनन, डेनिम, लोकर, रेशीम घ्यावं. ताणाचे धागे असलेलं टाळावं, कारण ते सैल झालं की सैलच राहतं. कापडाबद्दल शंका असेल तर घरी आणल्यावर शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा काढून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर आकसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. घरी आल्यावर गरम पाण्यात धुणं आणि दोन दिवस कडक ऊन, एवढ्याने बहुतेक शंका जातात. रेशीम आणि लोकर मात्र गरम पाण्यात घालायची नाही.

नव्याचा हिशेब तर वहीच्या मागच्या पानावरही होतो. चारशेचा शर्ट आठ वेळा घालून बिघडला तर दर वेळेला पन्नास रुपये पडले. पंधराशेचा शंभर वेळा चालला तर पंधरा. गरीब माणसाला पंधराशे एकदम काढता येत नाहीत म्हणून तो दर वेळेला पन्नास भरतो, ही या हिशेबातली वाईट बाजू.

देताना मात्र आपण सगळेच जरा बेफिकीर असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून इतके कपडे आले की मासेमारांच्या वस्त्यांबाहेर रस्त्यांवर त्यांचे ढीग पडले. त्यांत फाटके, मळके आणि तिथे कोणी न नेसणारे कपडे होते. ते उचलून, निवडून मार्गी लावायचं काम ‘गूंज’ने केलं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची पद्धत मला पटते. कपडे फुकट वाटायचे नाहीत. गावाने विहीर खणावी, बंधारा घालावा, रस्ता करावा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यावेत. घालण्याजोग्या नसलेल्या सुती कापडाच्या घड्या ते पाळीसाठी बनवतात. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे पाठवा किंवा वॉचमनच्या मुलाला द्या, कपडा धुऊन, बटण लावून, नाडी ओवून द्यावा. पूरग्रस्तांसाठी जुनी अंतर्वस्त्रं पाठवणाऱ्यांना काय म्हणावं ते लिहिता येत नाही.

दुरुस्तीबद्दल फ्रान्सने एक सरकारी प्रयोग केला आहे. न विकलेले कपडे जाळून किंवा फेकून नष्ट करायला तिथे २०२० च्या कायद्याने बंदी आली आणि २०२३ च्या शरद ऋतूपासून कपडे-चपला दुरुस्त करून घेणाऱ्याला प्रत्येक कामामागे ६ ते २५ युरोंची सूट मिळू लागली. तिचा पैसा कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. आपल्याकडे अशा सवलतीची गरज सध्या तरी नाही, कारण कोपऱ्यावरचा अल्टरवाला पँटची चेन नव्या पँटच्या मानाने अगदी थोडक्या पैशांत बदलून देतो. त्याची अडचण वेगळी आहे. शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजच्या किंवा शर्टाच्या शिवणीत आत बोटभर माया असते. अंग वाढलं की उसवून सैल करता येतो. कारखान्याच्या ओव्हरलॉक शिवणीत ती माया कापडाचे पैसे वाचवण्यासाठी आधीच छाटलेली असते, त्यामुळे कपडा आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही. तयार कपडा घेताना ट्रायल रूमच्या आरशात बघून झालं की तो उलटा करून शिवणीत किती कापड ठेवलं आहे तेही बघावं.